धालोच्या रांगेत

आमच्या पेडण्याकडच्या गावात पौषात ओळीनं काही रात्री धालो असतात. मांडावर, म्हणजे शेणानं सारवलेल्या त्या देवाच्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगा करून गातात, वाकतात, मागे सरतात. पुरुषांनी तिथं पाऊल टाकायचं नाही. लहान मुलगे आईचा पदर धरून आले तर चालतात. मीही त्या सवलतीवर नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत रांगेत उभी राहिले. मग एका वर्षी मांडाच्या कारभारणीनं दंडाला धरून मला बाहेर काढलं. "चेडो आता व्हडलो जालो," ती आईला म्हणाली, म्हणजे पोरगा मोठा झाला. आई मान खाली घालून गात राहिली.

तेव्हा गोव्याला नुकतंच राज्य मिळालं होतं. कोकणी की मराठी यावरून गावात भाऊ भावाशी बोलत नव्हता. माझ्याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. त्या एकमताला कंटाळून मी वयात येताच कोल्हापूरला पळाले.

परतले ती केस पिकायला लागल्यावर. दरम्यान दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं आम्हा तृतीयपंथीयांना माणसांत घेतलं होतं, कायदा झाला होता, माझ्याकडे ओळखपत्र होतं. पंचायतीनं बोलावून सत्कार केला. शाल घालणारी पंच हीच मांडाची नवी कारभारीण, जुनीची सून. "आमचो गांव आता पुढारला," ती माईकवर म्हणाली. मी वेडी, ते खरं धरून चालले.

पौष आला. साडी नेसून मी आईबरोबर मांडावर गेले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर भांडले असते. भांडायला मला चांगलं येतं. त्यांनी मांडाबाहेर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वर चहा दिला. "तूं आमचीच गो. पूण देवाक कितें सांगपाचें? हांगा बसून पळय," कारभारीण म्हणाली. बघायचं, पण बाहेरून. मी रोज खुर्चीवर बसले. आई माझ्याकडे न बघता गायची. मला रडू यायचं आणि त्या रडण्याचाही वीट आला होता. कायदा पंचायतीच्या पायरीपर्यंत आला, तिथंच बसला. मांडावर त्याला कोण आणणार?

शेवटच्या दिवशी बायका सोंगं काढतात. कुणी शिकारी होते, कुणी घोव, म्हणजे नवरा. पँट-शर्ट घालून, काजळाच्या मिश्या काढून. त्या दिवशी आई खोलीत आली, हातात माझ्या भावाचा इस्त्री केलेला शर्ट. मी परतल्यापासून हा भाऊ माझ्याशी अक्षर बोलला नव्हता. आईचा चेहरा फुलला होता.

"कारभारणीन निरोप धाडलो. आयज तुका रांगेत घेता. घोवाचें सोंग कर, तुका बरें शोभतलें." मग हळूच म्हणाली, "शर्ट तुज्या भावान आपणहून दिलो."

पुरुष म्हणून मांडावर बंदी, बाई म्हणून खुर्ची, आणि सोंगाला मात्र मी चालणार होते. हे तिला सुनवायला मी वळले. सत्तरी उलटलेली माझी आई शर्टाची कॉलर नीट करत समोर उभी होती. इतक्या वर्षांत मला द्यायला तिच्या हाती पहिल्यांदाच काही आलं होतं.

मी बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. आईनं माझ्या ओठावर मिशी काढली. रांगेत दोघींनी मला मध्ये घेतलं आणि अख्खा मांड हसून लोळला. असं हुबेहूब सोंग गावानं कधी पाहिलं नव्हतं, कारभारीण म्हणाली, पुढच्या वर्षीही हिलाच घेऊया. आई म्हणाली, हो.