गाण्यातल्या बाईचा गालिचा

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, म्हणजे नंतर चहा अंगावर सांडणार नाही. नवस बोलून झाला, पण आपण नक्की काय बोललो हेच माहीत नाही, अशी बाई पाहिलीत कधी? ही बघा, तुमच्यासमोर बसलीय!

आम्ही बेने इस्राएल, इथले मराठी ज्यू. बोलणं मराठीत, प्रार्थना हिब्रूत. हिब्रू आम्हाला पाठ असते. कळते असं कोण म्हणालं? दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले, की आमचे हे गुणी बायकोच्या स्तुतीचं गाणं म्हणतात. शास्त्रातलंच आहे. त्यात ती बाई 'मरवद' करते. म्हणजे काय करते? सव्वीस वर्षांत विचारलंय कोणी!

तर आमच्या थोरलीचं, रिवकाचं, लग्न जमेना. एका शुक्रवारी मी आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषितांना, एलियाहू हन्नाबींना, नवस बोलले, "स्थळ येऊ दे. गाण्यातल्या बाईसारखं मरवद स्वतःच्या हातानं करीन. मग तुमच्या नावाचा मलिदा, आणि मगच साखरपुडा."

नुसता मलिदा बोलले असते तर? गोड पोहे, खोबरं, पाच फळं. तासाभराचं काम हो! पण नाही.

पंधरा दिवसांत पनवेलचं स्थळ आलं. मुलगा सालस, रिवकाला पसंत. फक्त बोटीवर नोकरीला. महिन्याभरात जाणार तो आठ महिन्यांनी उगवणार.

मी इस्राएलला नणंदेला फोन लावला. "रूथवन्सं, मरवद म्हणजे काय हो?"

"अगं, गालिचा!" त्यांनी फोन फिरवून हॉलमधला दाखवलाच. भिंतीपासून भिंतीपर्यंत!

पण देवाला दिलेला शब्द. जुन्या साड्या फाडल्या, वेण्या घातल्या, गोल गोल शिवत बसले. ऐरोलीच्या फ्लॅटचा हॉल तो केवढा! तरी तीन आठवड्यांत गालिचा टीव्हीच्या स्टँडपर्यंतसुद्धा पोचेना. शेजारच्या सुमनमावशी मूळच्या तळवलीच्या. रोज येऊन बघायच्या.

"बाय, यो गालिचा हाय?"

"हो मावशी."

"मना वाटला पायपुसना."

रिवका रडकुंडीला आली. "आई, तो जाईल ना गं! आधी साखरपुडा कर, मग वीण सावकाश."

"एलियाहू हन्नाबींना काय सांगू? टेन्शन आलं म्हणून?"

तेवढ्यात मुलाच्या आईचा फोन. "अहो, तारीख का देत नाही तुम्ही?"

मी आपली खरं बोलायला गेले, "गालिचा पुरा व्हायचाय."

त्या उसळल्याच, "आम्ही गालिचा मागितला का? हुंडा घेणारी माणसं वाटलो तुम्हाला? आम्हाला नको असलं काही!" ठक्क. फोन बंद.

झालं! गालिच्याच्या पायी जमलेलं लग्न मोडायला आलं. रिवकानं खोलीचं दार लावून घेतलं. आमचे हे उठले आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या दाऊदकाकांना घेऊन आले. सोबत पनवेलची मंडळी, तोंडं फुगवून. हॉलभर वेण्या आणि चिंध्या, बसवणार कुठे? सगळ्यांना आमच्या खोलीतल्या पलंगावर बसवलं.

दाऊदकाकांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, गालिचा हे आजच्या तिकडच्या बोलण्यात. शास्त्रात मरवद म्हणजे बिछान्यावर घालायचं अंथरूण-पांघरूण. आपली गोधडीच म्हण. आणि ओळीत पुढे आहे, ती स्वतःसाठी करते."

"स्वतःसाठी?"

"स्वतःसाठी. आता सांग, मी बसलोय कशावर?"

"गोधडीवर."

"शिवली कोणी?"

"मीच. स्थळ आलं त्याच आठवड्यात पुरी केली."

"कोणासाठी?"

मी यांच्याकडे पाहिलं. "माझ्याचसाठी. हे रात्री सगळी ओढून घेतात. म्हणून माझी वेगळी."

आधी विहीणबाई हसल्या. मग सगळेच. कपाळाला हात लावू की तोंडाला, मला कळेना. अहो, नवस फिटून महिना झालेला, आणि मी बोटांना सुया टोचून घेत बसलेय! रविवारी मलिदा झाला, साखरपुडा झाला, मग जावई बोटीवर गेले. गालिचा सुमनमावशींच्या दाराशी आहे. पाय पुसायला.

परवा शुक्रवारी गाणं संपवून हे म्हणाले, "वाचलीस बघ. याच गाण्यात ती बाई शेतही विकत घेते. त्याचा नवस बोलली असतीस तर?"

मी हसले आणि पानं वाढायला घेतली. धाकटीच्या नोकरीसाठी मी काय बोलून बसलेय, ते यांना कोणत्या तोंडानं सांगू?