नव्या हाताचे नियम

मले अन् माझ्या दिराले लायसन एकाच आठवड्यात मिळालं. नियम मात्र निघाले माझ्या एकटीसाठी. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, छपरीत बसून सांगू लागले, "सूनबाई, हायवेवर जायचं नाही. अंधार पडला का गाडीले हात लावायचा नाही. अन् वर्षभर गाडीत कोणाले बसवायचं नाही. नवा हात आहे."

खरं सांगते, नियमांत खोट नव्हती. नव्या हातानं जपूनच चालवावं. डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. "मग भाऊजीले काहून नाही?" तर म्हणे, "तो पोरगा आहे, त्याले जमते." वा रे वा! पोरगा आहे म्हणून काय ब्रेक लवकर लागते?

मग रोवणे आले. आमच्याकडे धान रोवायच्या बाया शेतावर न्यायची रीतच अशी, का माल न्यायच्या टेम्पोत मागं उभ्या कोंबायच्या, मावतीन तेवढ्या. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नहराच्या पलीकडं. रस्ता नहराच्या पाळीवरून, चिखलाचा, बाजूले तुडुंब पाणी.

त्या सकाळी दीर स्टिअरिंगवर, मागं गच्च बाया, त्यांच्यातच माझी सासू. दिरानं एका हातानं गाडी मागं घेतली अन् गोठ्याच्या खांबाले ठोकली. बाया एकमेकींवर आदळल्या. दीर हसला. मी जाऊन गाडीसमोरच उभी झाली.

"वहिनी, हटा ना, उशीर होऊन राहिला."

"नाही हटत. तुमचा हात पण नवाच आहे."

मामाजी कडाडले, "रोवायचे पऱ्हे सुकून राहिले तिकडं! लोक काय म्हणतीन?"

"अन् गाडी नहरात गेली तर काय म्हणतीन, ते सांगा."

त्यांनी दिराकडून चावी हिसकली अन् माझ्यासमोर धरली. "घे, चालव तूच! त्याच्यासाठीच नौटंकी चालली ना सारी?"

खोटं काहून बोलू, हात शिवशिवला. पण म्हटलं, "मी पण नाही नेत. नव्या हातानं कोणाले बसवायचं नाही, तुम्हीच बोलले. मले लागू, तर त्याले पण लागू."

मागचा फाळका धाडकन पडला. सासूबाई लुगडं सावरत खाली उतरल्या. "चला वो बायांनो, पायानं जाऊ." मग मामाजीकडं वळल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"पोराले जमते म्हणता. मागं उभी मी होती, तुम्ही नाही."