खालून फेक

दुसरीच्या शारीरिक शिक्षणात 'खालून फेक' नावाचा एक घटक होता. हात मागे न्यायचा, मांडीजवळून पुढे आणायचा आणि हातातली वस्तू हलकेच सोडायची. पुस्तकात याला अर्धं पान दिलं होतं आणि सोबत एक चित्र होतं. चित्रातल्या मुलाच्या पायात बूट होते. आमच्या शाळेत हेडमास्तरांच्याही पायात बूट नव्हते, त्यामुळे मुलांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं, पण हात कुणी पाहिला नाही.

मला स्वतःला खालून फेकता येत नव्हतं. मी मनोरच्या पलीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे दगड मारायचा तो कैरीला किंवा भातावर बसलेल्या पाखरांना, आणि दोन्हींसाठी हात खांद्याच्या वरूनच जातो. पालघरला राहून मॅट्रिक झालो, मग शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलं. तिथे कवायतीच्या तासाला मी दुसऱ्या रांगेत उभा राहत असे. दुसऱ्या रांगेकडे कुणी पाहत नसे, आणि त्याबद्दल मी अजूनही त्या संस्थेचा ऋणी आहे.

त्यानंतर तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात मला नोकरी मिळाली. दोन वर्षं झाली तरी मी तात्पुरता शिक्षक होतो. कायम व्हायचं तर दिपोटींनी माझा एक पाठ पाहून चांगला शेरा द्यायला हवा होता. शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळे दिपोटीच म्हणत. कायम झालो तरच नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देत बी.ए. करण्याची परवानगी मिळणार होती. शेरा वाईट आला, तर जूनमध्ये माझ्या जागी दुसरा तात्पुरता येणार होता. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडिलांनी मात्र मी बी.ए. झाल्याचं गावात केव्हाच सांगून टाकलं होतं. मॅट्रिकपर्यंत गेल्यावर पुढचं आपोआप होतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती मोडायचं धाडस मला झालं नाही.

जानेवारीत पत्र आलं. दिपोटी पुढच्या महिन्यात येणार होते आणि त्यांना शारीरिक शिक्षणाचा पाठ पाहायचा होता. हेडमास्तरांनी तो पाठ मला दिला. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की शाळेत वाकल्यावर परत सरळ होता येईल असे तुम्ही एकटेच आहात. शाळेत शिक्षक आम्ही दोघेच होतो.

मी मनोरच्या बाजारातल्या शिंप्याकडून चिंध्या आणल्या आणि त्यांच्या तीस पिशव्या शिवल्या. आत चिंचोके भरले. काही पिशव्या मोठ्या झाल्या, काही लहान, कारण चिंध्या तशाच होत्या. मुलांना मैदानात उभं केलं, डावा पाय पुढे घ्यायला सांगितलं आणि पुस्तकाप्रमाणे आज्ञा दिली. पहिली पिशवी शाळेच्या पाण्याच्या माठावर बसली. दुसरी हेडमास्तरांच्या छत्रीवर गेली. छत्री उघडी होती आणि तिच्याखाली हेडमास्तर होते. मुलं सगळं वरून फेकत होती, माझ्यासारखीच. मी करून दाखवलं तेव्हा पिशवी माझ्याच मागे पडली. मुलं हसली नाहीत. गुरुजींना जसं हवं आहे तसंच हे असणार, असं समजून तिघांनी पिशव्या स्वतःच्या मागे टाकून पाहिल्या.

आठवडाभर हेच चाललं. सोमवारी वर्गात अर्धीच मुलं आली. होड्या पहाटे भरून लागल्या होत्या, म्हणून बाकीची किनाऱ्यावर होती. हजेरी भरायला हवी म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो.

वाळूवर मासळीचे ढीग होते आणि प्रत्येक ढिगाभोवती बायका आणि माझे विद्यार्थी उकिडवे बसले होते. बोंबील एका पाटीत, मांदेली दुसऱ्या पाटीत. चिरडलेली, फुटलेली मासळी खताला जायची, तिची पाटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला सगळ्यांत लांब ठेवलेली होती. कुणी पाटीकडे बघत नव्हतं. हात ढिगात जाई, मांडीजवळून पुढे येई आणि मासा सुटे. तोंडाने गप्पा चालू होत्या. मी एक मिनिट उभा राहिलो. पुस्तकातलं अर्धं पान तिथे वीस जण करत होते, फक्त बसून आणि बुटांशिवाय.

एका ढिगाजवळ माझ्या वर्गातल्या दोन मुलींची आजी होती. मी तिला विचारलं की मुलांना असं टाकायला कुणी शिकवलं. तिने मान वर केली नाही.

"वरून टाकला तर मासा फुटतो, गुरजी," ती म्हणाली. "त्यात शिकवायचं काय हाय?"

मला ते शिकायचं आहे, असं मी सांगितलं. त्यावर आजूबाजूच्या चार ढिगांवरचं काम थांबलं. आजीने मला जागा करून दिली. मी धोतर सावरून बसलो आणि एक बोंबील टाकला. तो मांदेलीत पडला. दुसरा एका बाईच्या पदरावर पडला. तिने तो उचलून बोंबलांत टाकला आणि मला विचारलं, "मास्तर, हात हाय का वल्हं?" तासाभराने माझे दहातले सहा मासे पाटीत पडू लागले. ते योग्य पाटीत पडत होते की नाही, हे पाहायला आजीने आपल्या धाकट्या नातीला नेमलं. ती दुसरीत होती आणि तिने मला बरंच सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आज्ञा बदलली. मुलांना उकिडवं बसवलं आणि समोर मासळीची एक जुनी पाटी ठेवली. तीसच्या तीस पिशव्या पाटीत गेल्या. मग गुडघ्यावर बसवलं, मग अर्धवट उभं केलं, शेवटी पूर्ण उभं. प्रत्येक पायरीला नेम थोडा बिघडे आणि दोन-तीन दिवसांत परत येई. मुलांना माझं नवल वाटत होतं. खाली बसून होणारं काम उभं राहून का करायचं, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, अभ्यासक्रमात आहे. त्याचं समाधान झालं.

दिपोटी फेब्रुवारीत आले. बोईसरपर्यंत गाडीने आणि पुढे बांधकामावर खडी नेणाऱ्या ट्रकमध्ये बसून आल्यामुळे त्यांचे कपडे पांढरे असूनही आणखी पांढरे झाले होते. हेडमास्तरांनी खुर्ची मैदानात मांडली. पाठ भारदस्त दिसावा म्हणून त्यांनी त्या सकाळी आजीकडून एकाऐवजी तीन पाट्या आणवल्या होत्या. पुस्तकात तसा खेळ होताच. जवळच्या पाटीला एक गुण, मधल्या पाटीला दोन, लांबच्या पाटीला तीन. सरावात मी एकच पाटी वापरली होती, पण मुलांचा नेम आता इतका बसला होता की मला काळजी वाटली नाही.

मी मुलांचे दोन गट केले आणि नियम सांगितले. मुलांनी ते ऐकले. मग मी शिट्टी वाजवली.

मोठ्या पिशव्या जवळच्या पाटीत पडू लागल्या. लहान पिशव्या मधल्या पाटीत पडू लागल्या. महिन्याभराच्या सरावात ज्या पिशव्या उसवल्या होत्या आणि ज्यांतून चिंचोके गळत होते, त्या तेवढ्या लांबच्या पाटीत गेल्या. एकही पिशवी बाहेर पडली नाही. मुलं आपापसांत शांतपणे गप्पा मारत होती.

दिपोटींनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं की मुलांना गुण नको आहेत का. मी मुलांना पुन्हा सांगितलं की लांबच्या पाटीला तीन गुण आहेत. त्यांनी माना हलवल्या आणि तसंच चालू ठेवलं. ज्या गटाकडे फाटक्या पिशव्या जास्त होत्या तो पुढे गेला. त्या गटातली मुलं ओशाळलेली दिसत होती.

शेवटी दिपोटी उठले. आजीच्या धाकट्या नातीच्या हातात एक धड, लाल, मोठी पिशवी होती. ही लांबच्या पाटीत टाक, असं त्यांनी तिला सांगितलं. तिने पिशवी उलटीसुलटी करून पाहिली.

"ही चांगली हाय," ती म्हणाली. "खतात कशाला टाकू?"

दिपोटींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना बोंबील, मांदेली आणि खत समजावून सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा बदलला नाही. मग त्यांनी मुलीच्या हातून पिशवी घेतली आणि कसं करायचं ते दाखवण्यासाठी लांबच्या पाटीवर स्वतः नेम धरला. त्यांनी ती वरून फेकली. पिशवी पाटीच्या कडेवर आपटून फुटली आणि चिंचोके मैदानभर झाले. मुलीने जाऊन ती फुटकी पिशवी उचलली, रेषेवर परत आली आणि खालून लांबच्या पाटीत टाकली. नियमाप्रमाणे तिला तीन गुण मिळाले. मी ते मैदानात आणलेल्या फळ्यावर लिहिले, कारण न लिहिणं जास्त वाईट दिसलं असतं.

मुलांना सुट्टी दिल्यावर दिपोटी खुर्चीत बसले आणि शेऱ्याचं पुस्तक मांडीवर घेतलं. हेडमास्तर चहा बघायला आत गेले ते आतच राहिले.

"ही फेक तुम्ही शिकवलीत?" दिपोटींनी विचारलं.

हो म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं. नेम साऱ्या मुलांचा बसला होता आणि त्याचं श्रेय मागायला दुसरं कुणी तिथे नव्हतं. पण नियमांत पाठ बुडालाच होता, आणि खोटं बोलून बुडालेला पाठ तरेल असं मला वाटेना.

"नाही साहेब," मी म्हटलं. "त्यांना येत होती. मलाच येत नव्हती, ती मी त्यांच्या घरच्यांकडून शिकलो."

"मग या पाठात तुमचं काय?"

"ती बसून फेकायची. मी उभी केली."

दिपोटी बराच वेळ लिहीत होते. ते गेल्यावर हेडमास्तर बाहेर आले आणि आम्ही दोघांनी पुस्तक उघडलं. खेळाचे नियम विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेले नाहीत, असं पहिलं वाक्य होतं. साहित्य कमकुवत असून त्याची शिवण सुधारावी, असं दुसरं. तिसरं असं होतं: 'विद्यार्थ्यांस उभे राहून खालून अचूक फेकता येते. शिक्षकास कायम करण्यास हरकत नाही.' हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. हरकत नाही म्हणजे चांगलंच, असं ते म्हणाले, पण चष्मा पुसून त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचलं.

कायमपणाचा हुकूम एप्रिलमध्ये आला. त्याच दिवशी मी परीक्षेच्या परवानगीचा अर्ज लिहून पालघरच्या टपालात टाकला आणि संध्याकाळी पाट्या परत करायला आजीकडे गेलो. ती वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या काठ्यांच्या मांडवावर, बोंबील अडकवत होती. मी कायम झाल्याचं सांगितलं आणि तिचे आभार मानले.

तिने हातातला बोंबील काठीवर टांगला.

"कायम झालात?" ती म्हणाली. "मग इतके दिस तुम्ही कोण होता?"

मी पाट्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने पाट्यांकडे पाहिलं, एकीतून दोन चिंचोके काढून मला परत दिले आणि पुढचा बोंबील उचलला.