बहिणीच्या लग्नातला लॅपटॉप

लग्नांत डीजे म्हणून वाजवायला लॅपटॉप हवा होता. कुंभकोणमच्या दुकानातल्या गार एसीत मी सॉफ्टवेअर तासभर चालवून पाहिलं आणि सगळ्यांत पातळ, देखणा लॅपटॉप उचलला. मूर्खच मी! मांडवात कुठला आलाय एसी?

पापनाशमला बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे मंगळसूत्र बांधताना ढोल इतक्या जोरात वाजवतात, की कुणाची शिंक, कुणाचं रडणं, असलं अशुभ काही कानावर पडू नये. वाजंत्री न बोलावता तो ढोल मीच लॅपटॉपवरून लावला होता. नेमका तेव्हाच लॅपटॉप तापून बंद पडला, आणि बहिणीचे हुंदके मांडवभर ऐकू आले.

सगळे माझ्यावर उखडले. पुढच्याच आठवड्यात मी जाडजूड, मोठ्या पंख्याचा लॅपटॉप आणला. ती का रडत होती, हे मात्र मीही विचारलं नाही.