नावापुरती जागा
चार्जर तापल्याचा वास आला की भिंगारच्या लष्करी कचेरीतला पहिला कॉम्प्युटर आठवतो, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. मी तिथे टायपिस्ट होते. एका सकाळी साहेबांनी, जवान लढाईत गेल्यावर त्याच्या घरच्यांना पाठवायच्या पत्राचा मजकूर दिला. म्हणाले, "फ्लॉपीवर साठवून ठेवा, नावापुरती जागा मोकळी सोडा." मी विचारलं, "कोण गेलं, साहेब?" "अजून कुणी नाही." खिडकीबाहेर सीमेवर निघालेले ट्रक भरत होते, एकात माझा धाकटा भाऊ बसला होता. जागा किती सोडायची ते बघायला एखादं नाव टाकावं लागणार होतं. बोटांनी त्याचंच टाकलं. मी ते लगेच पुसलं, पण जागा त्याच्याच मापाची राहिली. आजही पडद्यावर रिकाम्या जागी रेघ लुकलुकताना दिसली की बोटांनी दुसऱ्या कुणाचं टाकायच्या आत मी घाईघाईने स्वतःचं नाव टाकते.