कपेलीचं कुलूप

चालू असलेली कपेल मी बंद पाडली. तीही एका वाक्यात.

खाडीच्या तोंडावरच्या आमच्या गढीचा इतिहास फलकावर लिहायचं काम एका सरकारी कार्यालयाने मला दिलं. निवृत्त इतिहासशिक्षक, शाल दिसली की व्यासपीठावर हजर. दुसरं कोण सापडणार? मी चेवाने लिहिलं. चिऱ्याचे बुरूज, कुठल्या राजवटीत तट किती वेळा पडला, आणि आतली कपेल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर. अर्धगोल कमान, हातभर जाड भिंती. 'रोमनेस्क वळणाची' असंही ठोकून दिलं. तो शब्द मला आदल्याच संध्याकाळी भेटला होता. मग भर दुपारी जाऊन पाहिलं. दाराला कुलूप. किल्लीच्या भोकाला डोळा लावला, अंधार दिसला, आणि लिहिलं : 'सध्या वापरात नाही.'

किल्ली तीस पावलांवर होती. तटाला टेकलेल्या घरात, चुलीमागच्या खिळ्याला. त्या घरातली म्हातारी दर शनिवारी कपेल झाडते, मेणबत्ती लावते, वर्षातून एकदा फेस्त, म्हणजे कपेलीचा सण, करते. फेस्ताची पहिली मेणबत्ती लावायचा मान गावातल्या एका हिंदू घराचा. ते घर आमचं. नोकरीपायी मी बाहेर राहिलो, मान मोठा भाऊ सांभाळतो, हे मला नंतर कळलं. मला वाटलं, ते सगळं कधीच संपलं असेल.

माझं वाक्य वाचून कार्यालयाने जुनं कुलूप तोडून स्वतःचं ठोकलं आणि आत, वेदीसमोर, डागडुजीच्या सिमेंटच्या गोणी रचल्या. फेस्ताला आठ दिवस होते. मी तणतणत कार्यालयात गेलो.

"सर, फलकावर तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले.

"चुकलं माझं. उघडा."

"वापर आहे याचा पुरावा द्या. लेखी."

मी म्हटलं, खिडकीत मेणाचे थर आहेत, ते बघा. ते म्हणाले, जुनेही असू शकतात. अंगाची आग झाली. तीन राजवटी मी निम्म्या ऐकीव माहितीवर उभ्या केल्या, त्यांचा पुरावा एकाने मागितला नाही. जिवंत बाईच्या शनिवाराला मात्र कागद हवा. आणि राग तरी कुणावर काढणार? साहेबांच्या हातातला कागद माझ्याच अक्षरातला होता.

फेस्त बंद दाराबाहेर झालं, उन्हात. म्हातारीच्या गोव्याहून आलेल्या लेकींनी पायरीवर उभं राहून प्रार्थना म्हटल्या. भावाने मेणबत्ती लावली, खाडीच्या वाऱ्याने विझवली. चौथ्यांदा विझल्यावर मी छत्री आडवी धरून उभा राहिलो. कुलूप डोळ्यांसमोर होतं. दगड उचलावासा वाटत होता, पण तेवढी छाती कुठली.

शेवटी म्हातारीने माझ्या हातावर केकचा तुकडा ठेवला.

"मास्तरानू, मेलेले राजे सगळे तुमका ठावक," ती म्हणाली. "मी जिती आसय. माका इचारूक काय झाला होता?"