पुराच्या बातम्या उतरवणारे मामा

वाचनालयात आल्यावर ते आधी मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धूत. मग धोतराच्या सोग्याला पुसून दोन्ही तळवे माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "बघा सायेब, कोरडं हाईत. आता द्या." तेव्हा कुठे मी जुन्या वर्तमानपत्रांची बांधीव फाईल काढून द्यायचो.

ही सत्तरच्या दशकातली सांगली. मी एका वाचनालयात वर्तमानपत्रांच्या विभागावर हंगामी कारकून होतो. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी त्यांनी कृष्णेच्या पुलावर पाण्याची उंची वाचण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर माणसं देवळात बसतात, पारावर पत्ते कुटतात. तुम्हीही पाहिली असतील. हे मात्र गावाहून सायकल मारत यायचे आणि आपल्या लहानपणच्या, त्याच्याही आधीच्या पुरांच्या बातम्या शोधायचे. सापडली की शाळकरी वहीत उतरवायची. पाणी कुठल्या पेठेत शिरलं, कुणाच्या दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं.

"पेपरवाल्याला व्यापाऱ्याचं दुकान तेवढं दिसतं," ते म्हणत. "पन पायरी खोटं बोलत न्हाई. तितनं मला पानी कळतं."

एकदा ते एका पानावर बोट ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले. मी जवळ गेलो. चार ओळींची बातमी होती. नदीकाठच्या काही झोपड्या वाहून गेल्या, जीवितहानी नाही.

"माझी धाकटी भन गेली त्यात," मामा म्हणाले. "तवा आमी हितंच ऱ्हात हुतो, त्या झोपड्यांत. आईच्या हातातनं सुटली."

त्यांनी बातमी जशीच्या तशी वहीत उतरवली, खाली लिहिलं, 'चूक आहे', आणि कचेरीत करावी तशी सही केली.

त्याच सुमारास नदीलगतच्या मळीच्या रानात, म्हणजे पुराचा गाळ बसून झालेल्या सखल जमिनीत, घरांसाठी प्लॉट पाडायचं घाटत होतं. पाडणाऱ्यांत आमच्या वाचनालयाचे अध्यक्षच पुढे होते. मामांच्या वहीत ते रान पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेलेलं होतं. त्यांनी हरकतीचा अर्ज केला. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. सुनावणीला मीही बरोबर गेलो.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी अर्ज चाळला. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "मामा, पेपरात छापलेलं सगळं खरं असतं का?"

मामा हो म्हणाले असते तर निभावलं असतं. "न्हाई," ते म्हणाले. "समदं खरं नसतं." आणि त्यांनी बहिणीचं सांगितलं. ती गोष्ट त्यांनी माझ्याखेरीज कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही.

"बघा साहेब," अध्यक्ष म्हणाले, "ह्यांचाच पेपरावर विश्वास नाही."

अर्ज निकालात निघाला. पायऱ्यांचं गणित मला ठाऊक होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो, उभाच राहिलो.

पुढं वाचनालयाच्या समितीनं ठराव केला की जागा अपुरी पडते, जुन्या फायली रद्दीत काढाव्यात. यादी मी केली, खाली सही मी केली. नोकरी कायम व्हायची होती. झालीही. रद्दीवाल्याची हातगाडी दारात लागली त्याच दुपारी मामा आले. कपाटं रिकामी दिसली.

"सही कुनी केली?"

"समितीचा ठराव होता, मामा."

"त्ये न्हाई इचारलं मी."

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो. ते सायकल घेऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

मळीत घरं झाली. प्लॉट घेण्याआधी एक शिक्षक मला विचारायला आले होते, "इथं कधी पूर येतो का हो?" मी म्हणालो, "तसं कागदावर काही नाही." खोटं बोललो नव्हतो. कागद मीच घालवले होते. तीन पावसाळे कोरडे गेले. चौथ्याला पाणी आढ्यापर्यंत चढलं. शिक्षकांची म्हातारी आई खाटेवरच गेली.

पाणी ओसरल्यावर मी मामांच्या गावी गेलो. वह्या मिळाल्या तर निदान आता कुणापुढे तरी ठेवू, असं मनात होतं. दारात सून आली. मामा उन्हाळ्यातच गेले, म्हणाली. मी वह्यांचं विचारलं.

"बंबात घातल्या त्यांनी. आंगुळीचं पानी तापवायला. मी नगं म्हनलं, तर म्हनाले, रद्दीच हाय."

तिनं मला बसायला पोतं टाकलं, चहा केला. कपबशी पुढं करताना तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आदी लय सांगायचे, लायब्ररीत एक चांगला पोरगा हाय म्हनून. मग पुढं कवा त्याचं नाव न्हाई काढलं. त्यो तुमीच का?"

"नाही," मी म्हणालो. "तो दुसरा होता." आणि चहा घेतला.